घुमणारा आवाज

वॉर्डात पंधरा वर्षं पायपीट करून गुडघे गेले, म्हणून सिस्टरना टेलिफोनवर बसवलं. तेव्हापासून त्यांच्या जिभेला धार चढली होती. रोज सकाळपासून आतड्याच्या जुनाट आजाराच्या तीस पेशंटना, ज्याच्या त्याच्या ठरलेल्या वारी, फोन लावायचा आणि प्रत्येकाला एकच विचारायचं, संडासला किती वेळा गेलात? निम्मे लाजायचे, निम्मे थापा मारायचे.

सगळ्यांत डोक्यात जायचे ते रिटायर झालेले हेडमास्तर.

"दोनदा," ते गुरकावले. "दर मंगळवारी हेच विचारताना लाज नाही वाटत, बाई?"

"मला कसली लाज? मास्तर, तुमचा आवाज घुमतोय. आत्ता कुठे बसून बोलताय?"

पलीकडे नळ ठिबकत होता, तेवढा स्पष्ट ऐकू आला.

"जन्मभर पोरांच्या थापा पकडल्यात ना? मग मला शेंडी लावू नका. खरा आकडा सांगा."

"नऊ," मास्तर खेकसले. "आणि रक्तही पडतंय. पंधरा दिवस झाले. झालं समाधान?"

"आत्ताच्या आत्ता दवाखान्यात या," म्हणत सिस्टरनी फोन आदळला आणि तणतणत वही उघडली. गेल्या मंगळवारी मास्तरांच्या नावापुढे त्यांनीच लिहिलं होतं: दोनदा, त्रास नाही.

त्या दिवशीही आवाज असाच घुमत होता. पण जेवणाची सुट्टी झाली होती, आणि सिस्टरना म्हाताऱ्याशी डोकं लावायचं नव्हतं.