कंदुरीचा ठराव

बेंबळीच्या पुढच्या एका गावात गोरोबांनी उभा जन्म विहिरी खोदल्या. दिवसभर पहारीनं मुरूम फोडायचा आणि संध्याकाळी हातपाय धुऊन कुणाच्या तरी ओसरीवर बसायचं. सांगणं एकच: मटण सोडा, माळ घाला. समोरच्याचं आधी ऐकून घ्यायचे. नकार आला तर पाणी पिऊन उठायचे, पुन्हा जायचे. एकेका घरापायी चपला झिजल्या. असं करत निम्म्याहून जास्त गाव माळकरी झालं.

मेंढरं राखणाऱ्या म्हाळसाबाई मात्र बधल्या नाहीत. "माझा देव बोकड मागतो, तुमचा तुळस. त्यांचं त्यांना भांडू द्या. आपण च्या पिऊ," म्हणायच्या.

यंदा त्यांची नात दवाखान्यातून जिवंत परतली. तिच्यासाठी त्यांनी कंदुरी बोलली होती: दारात बोकड कापून गावजेवण. नेमका तेव्हाच सरपंच बालाजीनं ग्रामसभेत ठराव मांडला, गावाच्या शिवेत कंदुरी बंद.

"काका, तुमचंच काम पुरं करतोय. हात वर करा."

"माझं काम न्हाय हे. म्या कुणाच्या म्होरचं ताट ओढलं न्हाय. तू बसलास का कधी बाईंच्या ओसरीवर?"

"एवढा वेळ कुणाला हाय? आता आपण जास्त हाव."

"काकाला रश्श्याचा वास लागला!" मागून कुणीतरी ओरडलं. सभा हसली.

गोरोबांनी विरोधात हात वर केला. माळकऱ्यांत ते एकटेच. ठराव मंजूर झाला.

सकाळी ते म्हाळसाबाईंकडं गेले. बाई 'बसा' म्हणाल्या नाहीत.

"म्या विरोधात हात केला, बाई."

"व्हय, कळलं. पर बाकीचे हात तुमीच तयार केले की."

गोरोबा म्हणाले, "शिवेपल्याड करता येईल."

"बोललेय दारात. शिवेपल्याड कसं फेडू? लेकरू माझ्या दारात परत आलंय."

गोरोबा तिथून तडक बालाजीच्या घरी गेले आणि पायरीवर बसले.

"सभा परत बोलाव."

"ठराव झाला, काका. लोकांनी केला."

"लोकांनीच मोडायचा. तुझ्यापासनं सुरू करतो."

"किती दिवस बसणार हितं?"

"तुला मटण सोडायला दोन वर्षं लागली व्हती."

बालाजीनं दार लोटून घेतलं. ऊन पायरीवर आलं तरी गोरोबा उठले नाहीत.