ओळखीचा चेहरा

माणूस समोर आला की एक डोळा मिटून त्याच्याकडे बघायची पेंटरला सवय होती. मग म्हणायचा, "चेहरा म्हंजी नाक-डोळं न्हाई. त्यांच्या मधी जी जागा ऱ्हाते ना, त्यो चेहरा." असा एकदा बघून घेतलेला माणूस तो पुढे कधीही, समोर नसताना काढायचा. तुमच्याही गावात असा एखादा हात असेल. आमच्या केडगावात तो पेंटरचा होता.

मूळचा मांडवगण फराट्याचा. ट्रॉल्यांच्या मागे मोर आणि शाळेच्या भिंतींवर नकाशे काढून पोट भरायचा. फ्लेक्स आले आणि ब्रशची कामं बंद झाली. माझं फ्लेक्स छापायचं दुकान, म्हणून मी त्याला कॉम्प्युटरवर बसवलं. भावी सरपंचांचे गाल गोरे करताना तो वैतागायचा. "आप्पा, ही चित्रकला न्हाई, पावडर हाय."

दुपारचा चहा शेजारच्या चाचांकडे. चाचा गाद्या भरायचे. दहा-बारा वर्षं आम्ही तिघं त्या कापसात बसून चहा प्यायलो.

मग एका संघटनेची पोरं दुकानात येऊ लागली. आम्ही त्याला पेंटर म्हणायचो; त्यांनी शाल-नारळ देऊन चित्रकार म्हटलं. त्या एका शब्दानं माणूस सरळ ताठ चालायला लागला. आधी मिरवणुकीचे फलक केले. मग मोबाईलवर फिरणारी चित्रं, एका समाजाला टोचणारी. मी हटकलं की म्हणायचा, "कलाकारानं घाबरायचं का?" हळूहळू त्याचं चाचांकडे चहाला येणं थांबलं.

एक दिवस त्यानं छापायला एक कच्चं चित्र आणलं. वेशीला विळखा घातलेला साप, त्याला माणसाचं तोंड, डोक्यावर जाळीची टोपी. मी म्हणालो, हे माझ्या मशीनवर छापलं जाणार नाही. तो कागद उचलून गेला तो परत कामावर आलाच नाही.

चार दिवसांनी सकाळी ते चित्र चौकात उभं होतं. लाकडी फळीवर, ब्रशनं रंगवलेलं. कितीतरी वर्षांत त्यानं इतकं सुंदर काम केलं नव्हतं, हे सांगताना मला आजही लाज वाटते. आणि सापाला तोंड होतं चाचांचं.

गर्दी जमली. एका बाजूला संघटनेची पोरं, दुसऱ्या बाजूला चाचांच्या नात्यातली. चाचा आले, फळीखाली उभे राहिले, बराच वेळ वर बघत राहिले आणि दुकानात जाऊन सुई ओवायला बसले. पोलिसांनी फळी उतरवली. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचा गुन्हा नोंदवला गेला, पेंटरला नोटीस मिळाली.

त्या दुपारी तो चाचांच्या उंबऱ्यात येऊन उभा राहिला. मी आतच होतो. चाचा म्हणाले, बस. तो बसला नाही.

"चाचा, तुमचा चेहरा मुद्दाम न्हाई काढला. हाताला त्योच ठावका होता. चेहरा चुकला माझा. चित्र न्हाई चुकलं."

चाचांनी सुई गादीत टोचून ठेवली. "मग दुसऱ्या कुणाचा चालला असता?"

पेंटर मागच्या मागे पायरी उतरला.

दुसऱ्या दिवशी जबाबात चाचांनी सांगितलं, तोंड माझंच आहे, आणि सही केली. मीही त्या कच्च्या चित्राबद्दल सांगितलं. ठाण्यातून बाहेर पडताना पेंटर माझ्याजवळून गेला. नेहमी मला निरखणारा माणूस, पण त्यानं नजर वर केली नाही.

संघटनेनं त्याचा सत्कार केला, गावोगाव व्यासपीठावर बसवलं. त्यानं पुढं काही काढल्याचं मात्र ऐकलं नाही. वर्षभरानं पोरांना नवा माणूस सापडला. मांडवगणच्या घराला कुलूप लागलं. कुणी म्हणे सुरतेला गेला, कुणी म्हणे दारू लागली.

गेल्या तारखेला मी आणि चाचा साक्षीसाठी दौंडच्या कोर्टात बाकावर बसलो होतो. शिपायानं त्याचं नाव तीनदा पुकारलं. कुणीच उठलं नाही. आत वॉरंट निघाल्याचं कळलं.

चाचा माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आप्पा, आजारी-बिजारी तर न्हाई ना त्यो?"