धुऱ्यावरच्या सागाची चकती

मागच्या उन्हाळ्यात वादळाने आमच्या शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, म्हातारा साग आडवा केला. शेती दादा पाहतो, मी यवतमाळला भूगोल शिकवते. झाड चिरायला बोरी अरबच्या आरामशीनवर गेलं, तेव्हा वर्गात दाखवायला बुंध्याची एक चकती मी मागून घेतली.

अंगणात चकती पुसली आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. रुंद वलय म्हणजे भरपूर पावसाचं साल, बारीक म्हणजे कोरडं, असं दादाला सांगू लागले. पुष्कळ झाडांची वलयं एकमेकांशी ताडून शास्त्रज्ञांनी जुना पाऊस वाचला. झाडांच्याही मागे जायला तळ्यांचा गाळ उपसला, ध्रुवाकडच्या बर्फाला खोल भोकं पाडली. त्या बर्फात लाखो वर्षांपूर्वीच्या हवेचे बुडबुडे अडकून आहेत. पृथ्वी कितीदा गारठली नि कितीदा तापली, ते असं थोडं थोडं करून कळलं.

दादाचं बोट मात्र बारीक वलयांवरून हलेना.

"म्हंजे तवाही पाऊस दडी मारे. तरी झाड जगलंच नं?"

"जगलं."

"मंग मी कायले एवढा भेऊन राह्यलो?"

त्याच महिन्यात तो शेततळं खोदणार होता. मीच वर्षभर मागे लागून त्याला राजी केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं. मी भडकले. ते जुने बदल व्हायला बहुतेक वेळा हजारो वर्षं लागली, आताचे आपल्या डोळ्यांदेखत होताहेत, असं घसा फोडून सांगितलं. "हे तुह्या कॉलेजात सांग," म्हणत तो हसत वावरात गेला. माझाच धडा माझ्यावर उलटला, याचा संताप अजून जात नाही.

ऐन शेंगा भरायच्या दिवसांत पाऊस गायब झाला. पोळ्याला घरी गेले तर सोयाबीन पिवळं पडलेलं. दादा एकेक शेंग चिमटीत दाबून पाहत होता. सगळ्या चपट्या. मला त्याच्यासाठी भीती वाटत होती, आणि राग तर होताच.

"झाड तं जगलं होतं," तो म्हणाला.

"झाडाले पुढचं साल होतं, दादा. एखादं साल कमी वाढलं तरी त्याचं भागते. सोयाबीनले हेच चार महिने."

त्याने हातातली शेंग टाकून दिली.

"हे तवाच सांगाले काय झालतं तुले?"