संध्याच्या खोलीतलं मशीन

मखमलाबादला कुंदनच्या मळ्यातल्या घराला मागच्या बाजूला एक खोली होती. पूर्वी तिथे शेवंतीचे क्रेट रचलेले असायचे. ते हलवून कुंदनने भिंतींना रंग दिला, एसी बसवला आणि बायकोसाठी कॉम्प्युटर आणला. साधासुधा नव्हे, दोन ग्राफिक्स कार्डांचा.

संध्या मूळची येवल्याची. इंटिरियरचा डिप्लोमा केलेली. लग्नाआधीपासून ती गंगापूर रोडला रूपाली मॅडमच्या ऑफिसात कामाला होती. अजून न बांधलेल्या फ्लॅटची हुबेहूब चित्रं ती कॉम्प्युटरवर करायची, आतून फिरवून आणणारी फिल्मही करायची. मुलगी झाली आणि ऑफिस सुटलं. आता साई बालवाडीत जाऊ लागली, तेव्हा संध्याने परत जायचा विषय काढला.

"कशाला रोजची दगदग?" कुंदन म्हणाला. "ऑफिसच घरी आणू की!"

आणि आणलंच. नवसाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मशीनला हळदकुंकू वाहिलं. आल्यागेल्याला त्या खोली दाखवायच्या. "सुनंसाठी केलंय. लय हौस त्याला." संध्या हसायची. एवढं कौतुक होत असताना नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

पण मशीन नीट चालेना. एकेक चित्र व्हायचं, पण फिल्म लावली आणि दोन्ही कार्डं जोरात पळू लागली, की खटकन सगळं बंद. पुन्हा चालू करावं, तर थोड्या वेळाने तेच. संध्याने एक कार्ड बंद ठेवून पाहिलं. मशीन दिवसभर चाललं, पण फिल्म गोगलगायीसारखी सरकली. दुखणं कुठे आहे ते तिला कळलं. सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा, दुकानदार ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो दोन कार्डांना पुरत नव्हता.

काम रखडलं तसा रूपाली मॅडमचा फोन आला. "घरून जमत नसेल तर ऑफिसला ये, संध्या. तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. या आठवड्यात सांग मात्र."

फोन ठेवल्यावरही संध्या तशीच उभी राहिली. मशीन बंद पडतंय, माझा काय दोष? कुणाला न दुखावता बाहेर पडायची वाट आपोआप उघडली होती. संध्याकाळी तिने कुंदनला सांगितलं, "अहो, हे काही नीट चालेल असं दिसत नाही."

"चालेल कसं नाही? उद्याच हर्षलकडे जाऊ."

हर्षल कुंदनचा शाळासोबती. एमजी रोडला त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. त्याने साडेआठशे वॅटचा डबा काउंटरवर ठेवला. "एक कार्ड साडेतीनशेचं. दोन मिळून सातशे. वर दीडशे शिल्लक. बिनधास्त न्या, वहिनी."

संध्याने मनात बेरीज केली. ती दीडशे तर एकटा प्रोसेसरच खाईल. शिवाय कार्डं भर कामात क्षणभर दीडपट वीज ओढतात. त्या झटक्यालाच तर मशीन बंद पडत होतं. हा डबा नेला तर पुन्हा तेच होणार. आणि मग ऑफिस. 'चालेल' एवढंच म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आलाही.

"थांब रे," कुंदन हर्षलला म्हणाला. "ही सांगेल तोच घ्यायचा. यातलं हिला कळतं, आपल्याला नाही." आणि तो विश्वासाने तिच्याकडे बघत राहिला.

संध्याने डबा हर्षलकडे परत सरकवला. "हा नाही पुरणार," ती म्हणाली. "बाराशेचा द्या. आणि प्रत्येक कार्डाला वेगळ्या केबल्स हव्यात, एकीलाच फाटा फोडलेली नको."

"बघ, म्हटलं नव्हतं?" कुंदनने हर्षलच्या पाठीवर थाप मारली.

बाराशेचा डबा बसला. कुंदनने वायरमन बोलावून मीटरपासून जाड वायरची वेगळी लाइनही टाकून घेतली, कुठे म्हणून उणं राहायला नको. फिल्म लागली आणि एकदाही न थांबता पूर्ण झाली. नवसाबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

रूपाली मॅडम खूश झाल्या. "आता घरूनच कर गं. ऑफिसला मी दुसरी कुणी बघते."

त्या दिवशी जेवणं उरकल्यावर संध्या धीर करून म्हणाली, "मला ऑफिसला जायचं होतं."

कुंदनला खरंच उमजेना. "आता कशाला? आता बंद पडतंय का?"

"नाही."

"काही कमी आहे का खोलीत? सांग, करून देतो."

कमी काहीच नव्हतं. संध्याने ताटं उचलली.

ऑफिसात पूजा नावाची मुलगी लागली. तिला काम शिकवायचं संध्याकडेच आलं, फोनवरून. मागे माणसांचा गलका, कुणाचं तरी हसणं, चहावाल्याची हाक ऐकू यायची. एकदा पूजाने विचारलं, "ताई, तुम्ही कधी येता इकडे?"

"बघू," संध्या म्हणाली. तेवढ्यात बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "संध्या, पाहुणे आलेत गं, जरा मशीन दाखव त्यांना." तिने फोन ठेवला आणि दार उघडलं.