साबण आणि सतराचा पाढा

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका साबण पांढुर्ण्यात आजवर कुणी झिजवला नसेल, आणि त्यातला निम्मा तरी दुसऱ्यांच्या हातांवर. निवृत्त झाल्यावर माणसे देवळात जाऊ लागतात, मास्तर मोरीवर जाऊ लागले. सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी साबणाची डबी असे. कुणाकडे गेले की यजमानाने 'बसा' म्हणायच्या आत हे विचारत, "मोरी कुठी आहे?" हात किती वेळ चोळायचे याचे त्यांचे माप म्हणजे सतराचा पाढा. तो सावकाश, मोठ्याने म्हणायचा. मध्ये कुणी चुकले की मास्तर गरजत, "चुकलं! पयल्यापासून!" गल्लीतल्या पोरांना सतराचा पाढा आला तो असा. सोळाचा मात्र अजून कुणाला येत नाही.

संत्रीसुद्धा ते धुऊन मगच सोलत. मी एकदा म्हणालो, "मास्तर, साल तर फेकायचीच आहे ना?"

"ज्या हातानं साल सोलली, त्याच हातानं फोड खाऊन राहिले ना तुमी?"

तेव्हापासून मीही संत्री धुतो, पण त्यांच्यादेखत कधी धुतली नाहीत. पावसाळ्यात घरोघरी पोटे बिघडत, मास्तरांच्या घरी कुणाला काही होत नसे. हे गल्लीला दिसत होते. पण कबूल केले असते तर रोज धुवावे लागले असते, म्हणून सगळे त्यांना हसण्यावारी नेत.

खरी पंचाईत झाली ती त्यांच्या मुलीच्या साक्षगंधात. स्थळ सौंसरचे, संत्र्याचे बगीचेवाले, आणि मुलगा मुलीच्या मनात भरलेला. अंगठ्या झाल्या, ओटी भरली. मुलाचे वडील पेढा घेऊन मुलीच्या तोंडाशी नेणार, तेवढ्यात मास्तरांनी त्यांचे मनगट धरले.

"इवाई, थांबा. फवाऱ्याचा वास येऊन राहिला."

व्याह्यांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "सकायी बगीच्यात औषधाचा फवारा मारला. पण हात धुऊन आलो ना, मास्तर!"

"साबनानं?"

मास्तरीणबाईंनी पदर तोंडाला लावला. सौंसरच्या दोघा-तिघांनी चपला शोधायला सुरुवात केली. मुलाची नजर मुलीकडे आणि मुलीची बापाकडे. मास्तर मनगट सोडायला तयार नव्हते, आणि व्याही हात मागे घ्यायला. माझ्या मते लग्न तिथेच मोडले होते.

मुलगीच उठली. आतून तांब्या आणला, बापाच्या खिशातली डबी काढून घेतली आणि म्हणाली, "चला मामाजी, मी पानी टाकतो. बाबांनी मलेई कधी सोडलं नाही."

व्याही मुकाट्याने मोरीवर बसले. मास्तर दारात उभे राहून म्हणाले, "सतराचा पाढा म्हना." एवढा मोठा बागाईतदार, पण शाळकरी पोरासारखा पाढा म्हणू लागला आणि सतरा आठेला दहाने चुकला. "चुकलं! पयल्यापासून!" यावर आधी स्वतः व्याहीच हसले, मग सौंसर हसले, मग पांढुर्णा. पेढा भरवला गेला तेव्हा त्याला चंदनाच्या साबणाचा वास होता, असे मुलगी अजून सांगते.

मागच्या हिवाळ्यात मास्तर गेले. तेरवीला पाने मांडली, पण पानावर कुणी बसेना. कुणी सांगितले नव्हते, तरी सगळे अंगणातल्या नळाशी रांगेने उभे राहिले. सर्वांत पुढे व्याही, हाताला फेस लावून पुटपुटत होते. सतरा आठे आले आणि ते नेमके तिथेच दहाने चुकले. मी नकळत मास्तरांच्या दाराकडे पाहिले. तिथून आवाज आला नाही, तेव्हा कुठे मला मास्तर गेल्याचे खरे वाटले, आणि फार वाईट वाटले.

मग व्याह्यांनी साबण पुन्हा उचलला आणि सतरा एकेपासून सुरुवात केली.