चाकूरच्या वर्षाची गरम गोळी

दवाखान्याच्या दाराशी दोन गोष्टी साठतात, चपला आणि किस्से. चपला संध्याकाळी आपापल्या मालकाबरोबर घरी जातात. किस्से मात्र तिथेच राहतात, आणि लातूरसारख्या गावात इतकी वर्षं डॉक्टरकी केली की उंबरा ओलांडायलाही जागा उरत नाही. त्यातले स्टेरॉइडचे किस्से मी वेगळे काढलेत, कारण या एका शब्दापायी मी जितकी भांडले तितकी नवऱ्याशीही भांडले नाही!

*

भूकंपाच्या वेळी मी अगदी नवीन होते. पत्र्याच्या शेडमध्ये आमचं काम चालायचं. एका आजोबांना बाजेवर घालून आणलं. अंगावर ओरखडा नाही, पण उलट्या, बीपी खाली, सलाईन चालू असूनही डोळे उघडेनात. म्हाताऱ्यानं धसका घेतला, असं सगळ्यांचं मत. सुनेला खोदून विचारलं तेव्हा कळलं, गुडघ्यांसाठी आजोबा वर्षानुवर्षं एका बाबाची पांढरी पुडी घेत होते आणि पुड्यांचा डबा घरासकट ढिगाऱ्यात गेला होता.

पुडीत स्टेरॉइड असणार हे मी ओळखलं. किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं स्टेरॉइड रोज घरच्या घरी बनवतात. बाहेरून आयतं मिळू लागलं की त्या आळसावतात, आणि आयतं एकदम थांबलं की माणूस कोसळतो. मी तेच इंजेक्शन दिलं. सकाळी आजोबांनी उठून भाकरी मागितली! मदतीला आलेल्या पोरांनी विचारलं, घरातलं आधी काय काढायचं?

आजोबा म्हणाले, "पुडीचा डबा."

*

देवणीच्या एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेला दमा, त्यावर अशीच कुठलीशी पुडी. चेहरा चंद्रासारखा गोल, गाल लाल. लग्न होऊन आमच्या घरी आल्यापासून सून कशी भरून आली, हे सासूबाई सगळ्या पेशंटांना सांगत होत्या. मी तपासलं तर बीपी वाढलेलं, साखर वाढलेली. हे बाळसं नाही, जादा स्टेरॉइडची सूज आहे, ही पुडी हळूहळू कमी करून बंद करायची, असं मी अर्धा तास समजावलं. सासूबाईंनी मन लावून ऐकलं.

"मग आता उरलेल्या पुड्या मला चालतील का? मी लई वाळून राहिले."

*

दवाखान्यासमोर मुनीरभाईंचं मेडिकल दुकान. स्टेरॉइड इतकं ताकदवान का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, इन्सुलिनसारखे हार्मोन पेशीच्या दारात उभे राहून कडी वाजवतात. स्टेरॉइड घरच्या माणसासारखं थेट आत जातं. आत त्याला रिसेप्टर भेटतो, दोघं मिळून पेशीच्या केंद्रात शिरतात आणि तिथल्या जनुकांना हुकूम देतात, हे काम चालू करा, ते बंद करा. म्हणून साखर, मीठ, हाडं, मन, सगळीकडे त्याचा हात पोचतो.

मुनीरभाईंनी गोळ्यांची पट्टी कापता कापता निकाल दिला, "यानी की जावई. आला तरी घर हलतंय, न्हाई आला तरी."

तेव्हापासून मी पेशंटला जावयाचंच उदाहरण देते.

*

पुढे लातूरला क्लासेसचं पीक आलं. एका बायोलॉजीच्या सरांनी मला हार्मोनवर बोलायला बोलावलं. हॉल गच्च भरलेला, आणि तोंड उघडण्याआधीच पहिल्या बाकावरून प्रश्न, "मॅडम, हे पेपरला येतं का?"

न येणाऱ्या गोष्टी ऐकायला कुणी तयार नव्हतं. तरी मी रेटून सांगितलं. अॅड्रिनल बंद पडल्या तर माणूस थकतो, वाळतो. ऊन न लागणारी हिरडीसुद्धा काळी पडते, तळहाताच्या रेषा काळ्या पडतात. आणि मीठ खावंसं वाटतं, नुसतं मीठ.

मग सगळ्या पोरी एकदम तिसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथे बसलेल्या वर्षाने तळहात झाकून घेतले. मेसमधल्या मैत्रिणी तिला मिठाची बरणी म्हणायच्या!

*

वर्षा चाकूरच्या एका गुरुजींची मुलगी. अभ्यासाच्या ताणानं काळवंडली, असं घरचे समजत होते. तिच्या ग्रंथी खरंच बंद पडल्या होत्या. तिला डॉक्टर व्हायचं होतं, आणि त्याआधी जगायचं होतं. मी जन्मभराची गोळी लिहून दिली. गुरुजींनी चिठ्ठी वाचली आणि तोंड कडू केलं.

"बाई, लोकांची पुडी बंद करता अन् माझ्या लेकराला तेच चालू करता?"

मी म्हटलं, गुरुजी, त्यांच्या घरी जावई मुक्कामालाच बसलाय, तुमच्या घरी तो येतच नाही. गुरुजी पहिल्यांदा हसले. महिन्याभरात पोरगी उजळली, क्लासमधल्या टेस्टला वर सरकू लागली.

*

वैशाख लागला. आमच्याकडे उन्हाळ्यात अंडी बंद, बाजरी बंद आणि गरम औषधही बंद. सुटीत घरी आलेल्या वर्षाची गोळी तिच्या आईने मायेपोटी काढून घेतली आणि ताक, सब्जा सुरू केला. चौथ्या दिवशी पोरीला जीपमधून आणलं. नाडी लागत नव्हती. मेडिकलच्या प्रवेशाची सीईटी तोंडावर आली होती आणि पोरगी हातची चालली होती.

"थंडावाच दिला वो बाई," आई रडत म्हणाली, "तरी लेकरू गार पडलं."

इंजेक्शन, सलाईन. मुनीरभाई दुकान उघडं टाकून दारात उभे. संध्याकाळी वर्षाने डोळे उघडले आणि विचारलं, "मॅडम, पेपर चुकला का?"

पेपर चुकला नाही. सेंटरच्या फाटकाबाहेर भर उन्हात तिची आई पाण्याची बाटली आणि गोळ्यांची पट्टी घेऊन उभी होती. कुणीतरी विचारलं, कसली गोळी? "गरम हाय," आई म्हणाली, "पण आमच्या पोरीला तीच मानवते."

*

वर्षा नांदेडला मेडिकलला लागली! पहिल्या वर्षाची तोंडी परीक्षा देऊन ती थेट दवाखान्यात आली आणि मुनीरभाईंच्या देखत सांगू लागली. बाहेरून आलेले परीक्षक फार कडक होते. सगळ्यांना रडवत होते. वर्षाची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "दोन्ही अॅड्रिनल ग्रंथी पूर्ण बंद पडल्या, तर पेशंटचं काय होईल?"

वर्षा म्हणाली, "गोळी बंद केली तर चौथ्या दिवशी जाईल, सर. चालू ठेवली तर तुमच्यासमोर बसून उत्तरं देईल."