न केलेली सही

मधुकर गेल्याची बातमी मला आमच्या प्रभात मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. 'डॉक्टरसाहेब आपल्यात राहिले नाहीत', त्याखाली हात जोडलेल्यांची रांग, आणि त्या रांगेतच कुणीतरी ढकललेला एक व्हिडिओ... विमानं, धूर, आणि 'आता एकदाचं नकाशावरूनच पुसून टाका'. व्हिडिओला अंगठे श्रद्धांजलीपेक्षा जास्त मिळाले. मधुकर असता तर म्हणाला असता, "पुसनार कोन? तुमी जाता का फडकं घेऊन?" तो नव्हता, म्हणून सगळं निर्धास्त चाललं होतं.

मधुकर गुरांचा डॉक्टर. तेल्हारा, अचलपूर करत शेवटी अकोल्याला आला आणि निवृत्तीनंतर इथेच राहिला. ज्या बैलाचं काहीच होण्यासारखं नाही, त्याला सुई देऊन मारायचं कामही त्याच्याकडे येई, आणि त्या दिवशी तो घरी जेवत नसे. बागेतल्या आमच्या बाकावर मारणं म्हणजे काय हे माहीत असलेला तो एकटाच. बाकी आम्ही सगळे पेन्शनीवरचे शूर. सकाळी दात घासून यायचं, कुणाला तरी भरचौकात लटकवायचं, शेजारच्या देशावर बॉम्ब टाकायचा आणि मग बिनसाखरेचा चहा प्यायचा, हा आमचा नित्यनेम.

आमचे अध्यक्ष अण्णासाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. ते चालताना मुंगीदेखील चुकवत. भ्रूणहत्या महापाप आहे, यावर शाळाशाळांतून व्याख्यानं देत, हारतुरे घेत. त्यांच्याच घरात दोन नातींनंतर सुनेला दोनदा गुपचूप अमरावतीला नेऊन 'सफाई' करून आणली होती, कारण पोटात पुन्हा मुलगीच होती. हे सगळ्या बाकाला माहीत होतं. पण अण्णासाहेबांना विचारणार कोण? मधुकरने विचारलं. "अण्णासाहेब, मारनं वाईट आहे, का आपल्या सोयीचं नसलं तरच वाईट आहे?" अण्णासाहेब हसून म्हणाले, "डॉक्टर, प्रत्येक गोष्टीला संदर्भ असतो." मधुकर म्हणाला, "हो नं. अन् थो संदर्भ दर वेळेस तुमच्याच अंगनात येऊन बसते." त्यानंतर आठवडाभर त्याला कुणी चहा विचारला नाही.

त्याचं स्वतःचं मत सरळ होतं. युद्ध नको, फाशी नको, आणि गर्भही पाडू नये. यातलं तिसरं मला कधीच पटलं नाही आणि त्यावरून आम्ही कडाकडा भांडलो. मग एक दिवस त्याच्या नात्यातली एक मुलगी त्याच्या दारात आली. (तिच्याच परवानगीने हे लिहितो आहे.) नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेली, तिसरा महिना, आणि मूल नको म्हणून ठाम. मधुकरने तिला समजावलं, तो चिडला... आणि शेवटी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला, रांगेत उभा राहिला, परत येताना तिची पिशवी धरून बसमध्ये बसला. पुढे अण्णासाहेबांनी भ्रूणहत्येवरच्या आपल्या व्याख्यानाला चार शब्द बोला म्हणून आग्रह केला, तेव्हा तिचं नाव न घेता तो म्हणाला, "माया नेम माया हातानं मोडला. आता मले त्यावर बोलाचा हक्क नाई राह्यला." अण्णासाहेबांना काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्याने कबूल केलं तो गप्प बसला, आणि ज्याने लपवलं तो माइक घेऊन गावभर फिरत राहिला. आपल्याकडे नीतीचा कारभार असाच चालतो.

त्यानंतर वर्षभराने गावी, अमरावतीजवळच्या भातकुलीला, मधुकरच्या थोरल्या भावाचा खून झाला. धुऱ्याचं भांडण, म्हणजे शेताच्या बांधाचं; शेजाऱ्याने कुऱ्हाड घातली. आमच्या मंडळाला तर जणू सणच सापडला. मेणबत्त्या आल्या, फलक आला, 'फाशी द्या' असं निवेदन तयार झालं आणि पहिली सही डॉक्टरांची असं परस्पर ठरलं. मधुकर नाही म्हणाला. अण्णासाहेब म्हणाले, "एकदा मोडलात ना नेम? मग सख्ख्या भावासाठी मोडा." मधुकर म्हणाला, "तवा मोडला थो बरोबर होता का चूक, ते मले अजून समजलं नाई. म्हनून पुन्हा मोडू?" बाकावर त्याला भावाचा वैरी ठरवून टाकलं गेलं. साठ-सत्तर जणांनी सह्या केल्या, अमरावतीला जाऊन कलेक्टरला निवेदन देताना फोटो काढला, आणि परत निघताना तिथेच कचोरी खाल्ली.

या लोकांच्या बोलण्याची मधुकरला फिकीर नव्हती. फिकीर होती ती शांतावहिनीची, त्या भावाच्या बायकोची. तिने लहान दिराला लेकरासारखं वागवलं होतं, आणि आता तिने विचारलं, "भाऊजी, तुमी कावून नाई करत सही? तुमचा भाऊ नव्हता का थो?" तो म्हणाला, "वहिनी, आजवर लोकाइच्या घरच्यासाठी नाई म्हनलो. आता आपल्या घरचं आहे म्हनून हो कसा म्हनू?" वहिनीने दार लावून घेतलं. कोर्टाने आरोपीला जन्मठेप दिली, तरी ते दार उघडलं नाही. त्या कुटुंबात पोळ्याचा बैल दोन्ही घरच्या बायका मिळून ओवाळत. तेही बंद झालं. हे त्याला किती लागलं, ते मी पाहिलं आहे. एकदा मीच वैतागून म्हणालो, "अरे, कर सही. कागदच तर आहे." तो म्हणाला, "कागद असता तर वहिनी रडली नसती."

तेराव्या दिवशी, तेरवीला, मंडळाने त्याच्याच अंगणात शोकसभा घेतली. अण्णासाहेबांनी मधुकरला 'अहिंसेचा पुजारी' केलं, त्याच्या तत्त्वनिष्ठेवर दोन सुभाषितं सोडली, डोळे पुसले. मला किळस आली. तेवढ्यात बायकांमधून शांतावहिनी उठली. तिला इथे कुणी अपेक्षिलंच नव्हतं. ती कोण हे कुणीतरी कानात सांगताच अण्णासाहेबांनी लगबगीने ओळख करून दिली, "या वहिनींच्या न्यायासाठी आपण लढलो..."

"तुमी बसा खाली," वहिनी म्हणाली. "मले त्या मानसाले फाशीच पायजे होती. आजबी पायजे. भाऊजीनं सही नाई केली. पन दर आइतवारी येऊन माया बंद दारापुढं उभे राह्यले. मी आतून शिव्या देवो, ते आयकून घेत. तुमी सगळ्याइनं सह्या केल्या. एक तरी मानूस भातकुलीले आला का?"

अण्णासाहेब म्हणाले, "ताई दुःखात आहेत, समजून घ्या," आणि पुढे बसलेली माणसं समजूतदारपणे माना हलवू लागली. वहिनीने तिकडे पाहिलंही नाही. ती फोटोपुढे गेली, फूल वाहिलं, आणि बंद दाराआडून बोलत असेल तशाच चढ्या आवाजात म्हणाली, "आज इचारलं असतं तरी नसतीच केली तुमी सही. माईत आहे मले."

मग ती तिथेच खाली बसून हमसून हमसून रडली.